मटण घेताना न विचारलेला प्रश्न

आषाढाचा शेवटचा रविवार आला, की आपल्याकडे मटणाच्या दुकानापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. श्रावण लागायच्या आत घरात एकदा तरी काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी झालीच पाहिजे, ही नगरी रीत जुनी आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण रीत तीच आहे. अशाच एका रविवारी मीही पिशवी घेऊन रांगेत उभा होतो. पुढे दहा-बारा माणसे होती. वेळ जाईना, म्हणून कोण काय विचारतो ते ऐकत राहिलो.

"बोकडाचंच आहे ना, मामा?"

"कवळं आहे का? मागच्या खेपेला चार शिट्ट्या झाल्या तरी शिजलं नव्हतं."

"आत्ताच कापलंय ना? पहाटेचं नको."

"चरबी कमी टाका आन् दोन नळ्या टाका."

एका आजीबाईंनी तर टांगलेल्या मांडीला बोट लावून पाहिले, बोटाचा वास घेतला आणि मगच मान डोलावली. या दहा-बारा जणांत एकानेही असे विचारले नाही, की हे जनावर कापण्यापूर्वी कोणी तपासले होते का? कापल्यानंतर त्याचे काळीज, फुप्फुस कोणी नजरेखालून घातले का? प्रामाणिकपणे सांगायचे तर माझा नंबर आल्यावर मीही ते विचारले नाही. अर्धा किलो घेतले आणि घरी आलो.

जेवण छान झाले, पण मनात तो प्रश्न टोचत राहिला. कारण त्याच आठवड्यात वाडीवरच्या एका धनगर बाईंना मी शस्त्रक्रियेसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवले होते. वर्षभर उजव्या बरगडीखाली जड वाटायचे. बाईंना वाटे पित्त असेल. सोनोग्राफी केली, तर यकृतात मोसंबीएवढी पाण्याची गाठ निघाली. या गाठीचा आणि मटणाच्या दुकानाचा काय संबंध, ते पुढे सांगतो. आधी रांगेतल्या प्रश्नांकडे वळू.

गिऱ्हाईक अडाणी नाही

मांसाची प्रत कशावर ठरते, यावर जगभर बरेच संशोधन झाले आहे. ते वाचताना मला गंमत वाटली ती अशी, की आपल्या आजीबाई जे बोटाने तपासतात तेच प्रयोगशाळेत यंत्राने तपासले जाते. रंग, वास, चरबी, मऊपणा आणि पाणी धरून ठेवण्याची शक्ती.

'कवळं' मटण लवकर का शिजते? स्नायूंना बांधून ठेवणारा कोलॅजन नावाचा चिवट पदार्थ असतो. वय वाढते तसे त्याच्या धाग्यांत आडवे टाके पडत जातात आणि ते पक्के होतात. कोवळ्या जनावरात हे टाके कमी असतात. मंद आचेवर बराच वेळ शिजवले, की याच कोलॅजनचा चिकट रस होतो आणि रश्श्याला दाटपणा येतो. म्हणून जून मटण वाईट नसते. त्याला वेळ द्यावा लागतो, एवढेच.

'बोकडाचंच' हा हट्ट अर्धा खरा आहे. कोवळेपणा वयावर जास्त आणि नर-मादीवर कमी अवलंबून असतो. तरुण पाठीचे मटण बोकडाइतकेच मऊ लागते. उलट वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडाला जो उग्र दर्प येतो, तो त्याच्या चरबीतील विशिष्ट आम्लांचा असतो. मग हा हट्ट आला कोठून? भाकड, म्हातारी शेळी बोकड म्हणून गळ्यात मारली जाईल, ही त्यामागची भीती. नराची खूण अंगावर तशीच ठेवून जनावर टांगण्याची पद्धत त्यातूनच आली. या हट्टाचा एक फायदाही झाला. विणाऱ्या शेळ्या सुरीपासून थोड्याफार वाचल्या.

आवड ही केवळ जिभेची नसते, श्रद्धेचीही असते. पुणे जिल्ह्यातील वाडेबोल्हाईच्या देवीचे भक्त शेळी-बोकडाचे मटण खात नाहीत, मेंढीचे खातात. म्हणून 'बोल्हाईचे मटण' अशी वेगळी पाटी पुण्यापासून आपल्याकडेपर्यंत दिसते. अशा गिऱ्हाइकाला पाटीवर विश्वास ठेवण्यापलीकडे काही उपाय नसतो. शिजलेल्या फोडीवरून ती शेळीची की मेंढीची हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. प्रयोगशाळेत मात्र ते कळते. हैदराबादजवळ चेंगीचेर्ला येथे १९९९ साली राष्ट्रीय मांस संशोधन केंद्र सुरू झाले. आता त्याला संस्थेचा दर्जा आहे. मांसाच्या लहानशा तुकड्यातील डीएनए तपासून ते कोणत्या जनावराचे, हे तेथे ओळखतात.

'आत्ताच कापलेले' म्हणजे चांगले?

आपल्याकडे ताजेपणा म्हणजे गरम मटण. डोळ्यांदेखत कापलेले असले की मन निवांत होते. ज्या काळात बर्फ नव्हता, वीज नव्हती, त्या काळात हा शहाणपणाच होता. पण मऊपणाचा हिशेब थोडा वेगळा आहे.

जनावर कापल्यानंतर पहिले तास-दोन तास स्नायू सैल असतात. मग ते आखडायला लागतात आणि काही तासांत पुरते ताठ होतात. त्यानंतर थंडाव्यात ठेवले, तर स्नायूंमधलीच विकरे धाग्यांची पकड हळूहळू ढिली करतात आणि एक-दोन दिवसांत मांस पुन्हा मऊ होते. म्हणजे लगेच चुलीवर चढवले तर ठीक, दुसऱ्या दिवशी शिजवले तरी ठीक. आपण मात्र सकाळी आठला आणतो, पिशवीत तसेच ओट्यावर ठेवतो आणि पाहुणे आले की बाराला शिजवायला घेतो. नेमके ताठरतेच्या वेळी! आणि मग म्हणतो, "मामांनी जून मटण दिलं."

त्याहून वाईट म्हणजे त्या चार तासांत ओट्यावरची ऊब जिवाणूंना मानवते. अनुकूल हवेत काही जिवाणू वीस-वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एकाचे सात तासांच्या आत दहा लाखांपुढे जातात. तेव्हा आणल्याबरोबर शिजवा, नाही तर आणल्याबरोबर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवा. गरम मटण थेट बर्फाच्या कप्प्यात मात्र टाकू नका. तसे गोठवलेले मटण बाहेर काढल्यावर आक्रसते, पाणी सोडते आणि चामड्यासारखे होते.

दमलेले जनावर

काष्टी, घोडेगाव यांसारख्या बाजारांतून शेळ्या-मेंढ्या टेम्पोत कशा भरतात, ते आपण पाहतो. ऊन, दाटी, ना चारा ना पाणी. असे जनावर उतरवले आणि लगेच कापले, तर त्याची शिक्षा खाणाऱ्यालाही मिळते. जिवंत स्नायूंत ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर असते. कापल्यानंतर तिचे लॅक्टिक आम्ल होते आणि मांसाचा सामू ७ च्या आसपासून ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. हा आंबटपणा जिवाणूंना आवर घालतो. पण दमलेल्या, घाबरलेल्या जनावराची साखर वाटेतच संपलेली असते. आम्ल पुरेसे होत नाही, सामू ६ च्या वर राहतो. मटण काळपट, कोरडे आणि चिकट दिसते आणि लवकर नासते. आजीबाई "काळं पडलंय, नको" म्हणतात ते काही उगीच नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली २००१ साली कत्तलखान्यांसाठी नियम झाले. पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय जनावर कापू नये, कापण्यापूर्वी त्याला २४ तास विश्रांती द्यावी, एका डॉक्टरने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत, गाभण जनावर कापू नये, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. दया आणि आरोग्य या दोन्ही गोष्टी एकाच नियमात बसल्या आहेत. पण हे नियम दिवसाला दहा किंवा अधिक जनावरे कापणाऱ्या जागेसाठी आहेत. गावोगावच्या दुकानामागे दोन-तीन बोकड कापले जातात, तेथे कोणाची नजर असते?

न दिसणारी बाजू

कोणत्याही मालाचे गुण तीन प्रकारचे असतात, असे अर्थशास्त्रज्ञ मानतात. काही गुण घेतानाच दिसतात आणि काही वापरल्यावर कळतात. हा भेद फिलिप नेल्सन यांनी १९७० साली मांडला. १९७३ साली डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा प्रकार सांगितला. हे गुण घेताना दिसत नाहीत आणि वापरल्यावरही कळत नाहीत, तेथे केवळ विश्वास ठेवावा लागतो. मटणाचा रंग हा पहिला प्रकार, मऊपणा दुसरा. आणि जनावर निरोगी होते का, हा तिसरा. आपण पहिल्या दोहोंसाठी घासाघीस करतो. तिसऱ्याबद्दल बोलतच नाही.

त्या रविवारनंतर एका आडवारी मी मुद्दाम खाटीकमामांकडे गेलो. गर्दी नव्हती. मी विचारले, "मामा, कापल्यावर काळजात कधी पाण्याचे फोड दिसतात का?"

"दिसतात की, डॉक्टरसाहेब. मेंढीत जास्त. तेवढं कापून टाकतो. गिऱ्हाइकाला नाही देत, देवाशपथ."

"टाकता कुठे?"

ते जरा थांबले. "कुठं म्हंजे... मागं कुत्री असतातच."

वाचकहो, त्या धनगर बाईंच्या गाठीचा उगम असाच कोठेतरी आहे. हे पाण्याचे फोड म्हणजे एका बारीक फीतकृमीची अंडकोशासारखी अवस्था. तिला आम्ही 'हायडॅटिड' गाठ म्हणतो. फोड कुत्र्याने खाल्ला, की त्याच्या आतड्यात तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान असे हजारो कृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि गवतावर, भाजीवर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर जातात. चरणारी मेंढी ती खाते. कुत्र्याला कुरवाळून तसेच भाकरी खाणारे पोरही खाते. मग वर्षानुवर्षे यकृतात किंवा फुप्फुसात गाठ वाढत राहते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. ती पोटात फुटली तर जिवावर बेतते. औषधे आहेत, पण पुष्कळदा शस्त्रक्रिया करावीच लागते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा रोग मटण खाल्ल्याने होत नाही. फोड असलेले काळीज शिजवून कोणी खाल्ले, तरी त्याला ही गाठ होणार नाही. म्हणूनच गिऱ्हाइकाला त्याची झळ लागत नाही आणि तो विचारत नाही. झळ लागते ती दुकानामागच्या गल्लीतल्या पोरांना आणि कुत्री घेऊन मेंढ्यांमागे फिरणाऱ्या कुटुंबाला. रस्सा आपण ओरपतो आणि पोट त्यांचे कापले जाते.

हा रोग हटवता येतो. आइसलँड हा मेंढ्यांचा देश. एकोणिसाव्या शतकात तेथे हा रोग घरोघर होता. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ तेथे गेले. त्यांनी कुत्री तपासली आणि सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली. ती घरोघर वाटली गेली. फोड कुत्र्यांना घालू नका, जाळा किंवा पुरा, एवढाच तिचा सारांश. १८६९ साली कायदाही झाला. लोकांनी वाचले आणि ऐकले, आणि पुढच्या काही पिढ्यांत तेथून हा रोग नाहीसा झाला. तेव्हा या कृमींवर आजच्यासारखी औषधे नव्हती. आज कुत्र्याला ठरावीक अंतराने द्यायची प्राझिक्वांटेलची गोळी पशुवैद्यकाकडे मिळते.

कोंबडीचे काय?

ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोची होते ती हार्मोनच्या सुईने, असा समज घट्ट आहे. तो चुकीचा आहे. ती वाढ निवडक पैदाशीची आणि खाद्याची आहे. खरी काळजी आहे प्रतिजैविकांची. माणसांच्या शेवटच्या आशेची औषधे कोंबड्यांच्या खाद्यात गेली, तर जिवाणू निर्ढावतात. यासाठीच २०१९ साली कोलिस्टिन हे औषध खाण्याच्या प्राण्यांसाठी विकण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली. औषध दिल्यावर ठरलेले दिवस थांबूनच पक्षी विकायचा, हा नियम पोल्ट्रीवाल्याने पाळला की नाही, हेही रश्श्याच्या चवीवरून कळत नाही. गावरान कोंबडीला आपण दुप्पट पैसे देतो, ते चिवट, चवदार मांसासाठी. तिलाही हा प्रश्न लागू आहेच.

मग मटण खावे की नाही?

खाणाऱ्याने खावे. शंभर ग्रॅम बिनचरबीच्या मटणात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. त्यातले लोह अंगी लागते. बी-१२ तर वनस्पतींतून जवळजवळ मिळतच नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. आणि घरोघर मी काय पाहतो? फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात, रांधणारीला उरलासुरला रस्सा. ही वाटणी आधी बदला. चाळिशी उलटलेल्यांनी चरबी आणि तेलाचा तवंग आवरावा. रोज खाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली लाल मांसाची गणना कर्करोगाला बहुधा कारण ठरणाऱ्या गोष्टींत केली आहे. आठवड्यातून एकदा बेताने खाणाऱ्याने घाबरू नये.

दोष एकट्या खाटकाचा नाही

मामांना मी म्हणालो, तपासणी करून घ्या. ते म्हणाले, "तपासणारा येऊ द्या, मी नाही कुठं म्हणतोय? कापायला धड जागा नाही. वजडीतली घाण कचऱ्याच्या गाडीवाला घेत नाही. आन् खरं सांगू का साहेब, गिऱ्हाईक बोकड दाखवा म्हणतं, शिक्का दाखवा म्हणत नाही."

या एका वाक्यात सगळे आले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळी आणि दख्खनी मेंढी सुधारण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. ज्यांच्या नावाने मेंढी व शेळी विकास महामंडळ चालते, त्या अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी आपल्याच जामखेड तालुक्यात आहे. शेळीचे वजन वाढावे, पाटी-करडे जास्त व्हावीत, यावर मेहनत होते आणि ती व्हावीच. पण त्या शेळीचा शेवटचा तास कोठे जातो? उघड्या गटाराशेजारी, एका लाकडी ठोकळ्यावर. गोठ्यात केलेली मेहनत तेथे वाया जाते. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, तो २०११ पासून लागू आहे आणि मटणाच्या दुकानालाही नोंदणी किंवा परवाना लागतो. कागद झाला. आता ठोकळ्याजवळ माणूस हवा.

माझे मत असे आहे. प्रत्येक नगरपालिकेने आणि मोठ्या ग्रामपंचायतीने पाणी, फरशी आणि झाकलेला खड्डा असलेली एक साधी सामाईक जागा खाटकांना द्यावी. बाजाराच्या दिवशी आणि रविवारी पहाटे तेथे पशुवैद्यक असावा, त्याने पाहून शिक्का मारावा. टाकाऊ भाग खोल पुरावा किंवा उकळावा, कुत्र्यापुढे जाऊ नये. किलोमागे यासाठी चार पैसे जास्त पडले, तर ते आपण द्यावेत. नळी फुकट मागणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जड वाटेल, पण एका शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

हे होईपर्यंत मेंढपाळ आणि शेतकरी बंधूंनी घरी जनावर कापले, तर फोड कुत्र्याला घालू नयेत. जत्रा-कंदुरीच्या दिवशी तर हे विशेष सांभाळावे. कुत्र्यांना कृमीचे औषध द्यावे. पोरांना कुत्र्याशी खेळल्यावर हात धुवायला लावावेत. कच्ची भाजी धुऊन खावी.

ती बाई शस्त्रक्रियेनंतर बरी आहे. टाके काढल्यावर दाखवायला आली, तेव्हा तिने विचारले, "कुत्रं सोडून द्यायचं का, डॉक्टरसाहेब? लांडग्यापासून तेच राखतं वो." मी म्हणालो, "नका सोडू. त्याला गोळी द्या आणि कापलेल्याचं काही खाऊ घालू नका." तिने करायचे ते ती करील. तिच्या मेंढ्या आपल्या ताटात येतात, तेव्हा आपणही काहीतरी करायला हवे.

परवा पुन्हा रांगेत उभा राहिलो तेव्हा मी विचारले, "मामा, तपासलेलं आहे का?" मामा हसले. मागून एकाने विचारले, "तपासलेलं म्हंजे कसं वो?" मी रांगेतच पाच मिनिटे बोललो आणि घरी येऊन हा लेख लिहायला बसलो. वाचकहो, पुढच्या रविवारी 'बोकडाचं आहे ना?' हे जरूर विचारा. त्याच्या पाठोपाठ हा दुसरा प्रश्नही विचारा. एकट्याने विचारला तर हसतील, रांगेतल्या दहांनी विचारला तर दुकानदार शिक्का शोधायला लागेल.